कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) एक नंबर, वॉर्ड मात्र राम भरोसे (ठाणे, ३ स्टार)

पप्पांना पहाटे छातीत कळ आली, घाम फुटला, मानपाड्याहून रिक्षातच घालून नेलं (ॲम्ब्युलन्स बोलवायला हवी होती, चूकच ती). ईसीजी लगेच, आणि दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांत हृदयाच्या बंद नसेत फुगा फुगवायचा असतो म्हणतात तो यांनी तासाभरात फुगवला, त्याला पैकीच्या पैकी. पण ब्लॉक उघडला तरी पुढे रक्तच नीट जाईना, बारीक गुठळ्या खालच्या छोट्या नसांत अडकतात, नो-रिफ्लो म्हणतात त्याला, डॉक्टरांनी बाहेर येऊन कागदावर चित्र काढून सांगितलं, जरा धीर आला. नळी मनगटातून घालायला जमलं नाही म्हणून जांघेतून घातली होती, तिथे दुसऱ्या दिवशी हा एवढा काळानिळा गोळा, तीनदा सांगितलं तेव्हा कुठे सिस्टरने येऊन दाबून धरलं. रक्त पातळ करायची औषधं चालू असताना इतका निवांतपणा?? नसा दिसाव्यात म्हणून सोडतात त्या डायमुळे क्रिएटिनिनही (किडनीचा आकडा) वाढलं, शुगर आहे ना त्यांना, चार दिवसांत उतरलं. बिलिंग काउंटर म्हणजे डोक्याला ताप. चहा बरा होता. डॉक्टरला विचारल्याशिवाय रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या थांबवायच्या नाहीत, नाहीतर स्टेंटमध्येच (नस उघडी ठेवायला बसवलेली जाळी) गुठळी होऊ शकते, हे आम्हाला समजावलं कोणी तर खालच्या मेडिकलवाल्या पोराने.