चूकभूल द्यावी घ्यावी : दुकानदाराने चुकून कमी लावलेली किंमत ठेवून घ्यावी की सांगावी?

गेल्या दिवाळीच्या आधी मी भांड्यांच्या दुकानातून एक पितळी पातेले घेतले. पितळ, तांबे आणि स्टील ही भांडी तिथे वजनावर विकली जातात आणि प्रत्येकाचा किलोचा दर वेगळा असतो. सणाची गर्दी असल्यामुळे सांगितले तेवढे पैसे देऊन मी बाहेर पडले. घरी आल्यावर बिल पाहिले, तर त्यावर ‘पातेले, २ किलो ४०० ग्रॅम, दर ४१०’ असे लिहून ९८४ रुपये लावलेले होते. ४१० हा त्या दिवशीचा स्टीलचा दर होता. पितळेचा दर ९५० असल्याचे दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले मी स्वतः वाचले होते. त्या हिशेबाने पातेले २,२८० रुपयांचे होते, म्हणजे दुकानदाराचे १,२९६ रुपये नजरचुकीने माझ्याकडे राहिले होते. बिलाच्या तळाशी जुन्या रीतीप्रमाणे ‘चू. भू. दे. घे.’ ही चार अक्षरे छापलेली होती.

अशा वेळी ग्राहकापुढे दोन वाटा असतात : वस्तू त्याच किमतीत ठेवून गप्प राहणे, किंवा दुकानदाराला सांगून फरक भरणे अथवा वस्तू परत करणे. दोन्ही वाटांच्या बाजूने बोलणारी समजूतदार माणसे मला भेटली आहेत. माझा कल सांगण्याकडे आहे, परंतु प्रत्येक प्रसंगी सारख्याच जोराने नाही.

गप्प राहण्याच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद असा की, किंमत ठरवणे हे दुकानदाराचे काम आहे आणि कमी किंमत म्हणजे चूकच असे मानण्याचे कारण नाही. हे खरे आहे. पाकिटावर छापलेली एमआरपी ही कमाल किंमत असते आणि तिच्याखाली विकण्याची दुकानदाराला मोकळीक असते. मुदत संपत आलेली बिस्किटे, खोके चेपलेला मिक्सर, थंडी सरल्यावरचे स्वेटर, किंवा गिऱ्हाईक आत यावे म्हणून तोटा सोसून विकलेली साखर, या सगळ्या स्वस्त किमती जाणूनबुजून लावलेल्या असतात. त्यामुळे ज्याला चूक कळलीच नाही, त्याच्यावर कसलाही दोष येत नाही. मात्र सूट असल्याची पाटी कुठेही नसताना, दर डोळ्यांसमोर असताना, निम्म्याहून कमी पैसे लागले तर ‘मला वाटले सेल असेल’ हे म्हणणे स्वतःलाही पटत नाही. शंका काउंटरवरच आली तर ‘ही किंमत बरोबर आहे ना?’ एवढे विचारावे, आणि दुकानदाराने नीट पाहून हो म्हटले तर निःशंकपणे वस्तू घ्यावी. पैसे देण्याआधी चूक ओळखून मुद्दाम न बोलणे हे घरी आल्यावर ती लक्षात येण्यापेक्षा वाईट आहे, असे मी मानते, कारण तिथे आपण दुसऱ्याची चूक पुरी होण्याची वाट पाहत उभे असतो.

कायद्याकडे पाहिले तर गप्प राहणाऱ्याला वरवर दिलासा मिळतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २२ नुसार केवळ एका पक्षाचा वस्तुस्थितीबाबत गैरसमज झाला, एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. आणि कलम १७ च्या स्पष्टीकरणानुसार, बोलण्याचे कर्तव्य नसेल तेव्हा नुसते मौन म्हणजे कपट ठरत नाही. दुसऱ्या बाजूला कलम ७२ सांगते की, चुकून दिलेले पैसे किंवा चुकून पोचवलेली वस्तू घेणाऱ्याने परत केली पाहिजे. एका पातेल्याऐवजी पिशवीत दोन आली असती तर हे कलम सरळ लागू पडले असते. दर चुकला असता प्रश्न तितका सरळ राहत नाही. १९३९ साली लंडनमध्ये माझ्या पातेल्यासारखाच एक वाद न्यायालयात गेला होता. अर्जेंटिनातील सशांच्या ३०,००० कातड्यांचा दर विक्रेत्याने नगावर सांगण्याऐवजी चुकून वजनाच्या पौंडावर सांगितला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत असल्यामुळे किंमत एक तृतीयांशावर आली. या व्यापारात दर नगावरच सांगितला जातो आणि खरेदीदाराला ही चूक कळलीच असली पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. १,२९६ रुपयांसाठी कोणीही न्यायालयात जाणार नाही हे उघड आहे. पण न्यायाधीशानेही ‘खरेदीदाराला काय ठाऊक होते’ हाच प्रश्न महत्त्वाचा मानला, हे मला मोलाचे वाटते.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ते पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात. ‘दुकानाचे नुकसान’ हा शब्द फार ढोबळ आहे. संगणकात किंमतच चुकीची भरलेली असेल तर बिल आणि गल्ला यांचा मेळ बसतो, काउंटरवरच्या मुलीला संध्याकाळी काही भरावे लागत नाही, आणि तोटा मालकाच्या नफ्यातून जातो. बारकोड न वाचताच वस्तू पिशवीत गेली तर ती तूट माल मोजण्याच्या दिवशी दिसते आणि ठपका संपूर्ण विभागावर येतो. सुटे पैसे जास्त परत दिले गेले तर त्याच रात्री गल्ल्यात तेवढे कमी भरतात, आणि त्या गल्ल्यावर कोण बसले होते हे सगळ्यांना माहीत असते. हाताने लिहिलेल्या बिलावर तर लिहिणाऱ्याचे अक्षरच साक्षीला असते. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे त्याच्या जबाबदारीतले पैसे बुडाले तर ते पगारातून कापण्याची मुभा वेतन प्रदान अधिनियम, १९३६ ने दिली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तशी तरतूद आहे. महिन्याला दहा-बारा हजार मिळवणाऱ्या पोराच्या पगारातून १,२९६ रुपये जाणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको. जिथे भार नोकरावर पडण्याची शक्यता आहे तिथे गप्प राहण्याची बाजू मला मुळीच पटत नाही.

मोठी दुकाने आणि ऑनलाइन कंपन्या यांच्याबाबत लोक म्हणतात की, ते आपल्याला इतरत्र लुबाडतात, मग एकदा आपला फायदा झाला तर काय बिघडले? लुबाडणुकीची तक्रार त्या-त्या वेळी जरूर करावी, ग्राहक आयोगापर्यंत जावे. परंतु आपले येणे आपणच मनाने ठरवून दुसऱ्याच हिशेबातून वळते करून घेणे हा व्यवहार होत नाही. तरीही इथे मी थोडी सवलत देते. बहुतेक संकेतस्थळे किंमत चुकल्यास मागणी रद्द करण्याचा हक्क आपल्या अटींत राखून ठेवतात. त्यांना तपासणीची संधी असते, आणि वस्तू घरी आल्यावर ग्राहक सेवेला एकदा लेखी कळवले की माझ्या मते आपले काम झाले. ‘राहू द्या’ असे उत्तर आले किंवा उत्तरच आले नाही, तर वस्तू ठेवावी. चूक ओळखून ढिगाने मागणी नोंदवणे मात्र निराळे. जानेवारी २००३ मध्ये सिंगापूरच्या एका संकेतस्थळावर ३,८५४ सिंगापुरी डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला, तेव्हा सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. किंमत चुकल्याचे त्यांना माहीत होते असे ठरवून २००५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

सांगण्याच्या वाटेची किंमतही मोजली पाहिजे. हेलपाटा पडतो, दुकान दुसऱ्या गावी असेल तर तो परवडत नाही. तिथे फोन करून यूपीआयने फरक पाठवता येतो. पाच-दहा रुपयांसाठी मुद्दाम जाऊ नये, पुढच्या फेरीला सांगावे. आणि सांगताना ज्याच्या हातून चूक झाली तो चारचौघांत उघडा पडणार नाही, हे पाहावे. दुपारी गर्दी नसताना, बिल बरोबर घेऊन जावे आणि जमल्यास त्याच माणसाला आधी गाठावे.

मी तसेच केले. वजनकाट्याजवळच्या मुलाने बिल पाहिले, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच मालकांना जाऊन सांगितले. मालकांनी ४१० वर काट मारून ९५० लिहिले, बेरीज केली आणि म्हणाले, “ताई, वरचे ऐंशी राहू द्या, बावीसशे करा.” मी १,२१६ रुपये दिले. ते ऐंशी रुपये मी आनंदाने ठेवून घेतले, कारण ते त्यांनी समजून-उमजून दिले होते.