सम्पमधला प्रोटीन स्किमर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या 200 लिटरच्या प्रवाळ-टाकीसाठी (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी) हा प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाद्वारे पाणी स्वच्छ करणारे यंत्र, निवडताना खोक्यावर छापलेली 500 लिटरची क्षमता मी शब्दशः घेतली नाही, कारण असा आकडा बहुधा मोजके मासे असलेल्या टाकीला धरून दिलेला असतो. पंपाचे काटेरी चाक हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे करते; प्रथिने व इतर सेंद्रिय द्रव्ये त्यांना चिकटून फेसाबरोबर वरच्या मळ गोळा करणाऱ्या कपात चढतात आणि कुजून नायट्रेट होण्याआधीच पाण्याबाहेर पडतात.

खरी कसोटी मांडणीची होती. बाष्पीभवनाने सम्पमधील (मुख्य टाकीला जोडलेल्या, उपकरणे ठेवायच्या दुय्यम टाकीतील) पातळी दोन सेंटिमीटर उतरली, तरी फेस बसत असे. स्थिर पातळीच्या कप्प्यात, खाली टेकू देऊन ठेवल्यावरच यंत्र ताळ्यावर आले. पहिल्या आठवड्यात नव्या प्लास्टिकवरील तेलकटपणामुळे फेस धरलाच नाही. त्या काळात सारखी झडप फिरवण्याचा मोह (मला तो आवरला नाही) टाळावा. प्रवाळ बसवताना इपॉक्सी (चिकटवण्याचे द्रव्य) वापरल्यास मात्र कप भराभर ओसंडतो, म्हणून तेवढ्यापुरता स्किमर बंद ठेवणे बरे.

स्किमरच्या मानेवरचा (फेस कपात चढतो त्या नळीवरचा) चिकट थर दर तीन दिवसांनी पुसावा लागतो. कपाचे झाकण सैल आहे, आणि या किमतीत ते खटकते.