किंडर जॉय: चॉकलेट दोन मिनिटांत संपतं, खेळ सुरू होतो तो रिकाम्या अंड्याचा

किंडर जॉयबद्दल लोक लिहितात ते चव कशी आहे आणि आत खेळणं काय निघालं एवढंच. मला आज फक्त त्या अंड्याबद्दल लिहायचंय, म्हणजे खाऊन झाल्यावर जी दोन प्लास्टिकची अर्धुकं हातात उरतात आणि आपण सरळ डस्टबिनमध्ये टाकतो ना, त्यांच्याबद्दल. आमच्याकडे आत्ता अशी १४ अर्धुकं आहेत, एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात, आणि माझी सहा वर्षांची लेक त्या डब्याला कोणाला हात लावू देत नाही. आत निघालेल्या गाड्या आणि बाहुल्या कुठल्या सोफ्याखाली गेल्या ते तिला माहीत पण नाही, अर्धुकं मात्र मोजून ठेवलेली असतात.

ज्यांनी कधी घेतलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंडं उभं दुभंगतं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या सील केलेल्या असतात, एका बाजूला दुधाचं पांढरं क्रीम आणि कोकोचं क्रीम आणि त्यात दोन गोल कुरकुरीत गोळे, दुसऱ्या बाजूला खेळणं, आणि खायला एक छोटासा चमचा. खाऊ सगळा मिळून २० ग्रॅम, त्यामुळे पोट भरायला म्हणून कोणी घेत नाही आणि घेऊही नये. चव गोड, खूप गोड. मला स्वतःला दोन चमच्यांनंतर नको होतं, मुलांना आवडतं, विषय संपला.

पण ही जी दोन बाजू वेगळ्या ठेवायची रचना आहे ना, खरी मजा तिथे आहे. हे बनवणाऱ्या फेरेरो कंपनीचं जुनं अंडं, किंडर सरप्राइज, ते १९७४ चं, त्यात चॉकलेटच्या अंड्याच्या पोटात पिवळी डबी आणि डबीत खेळणं असतं. ते उन्हाळ्यात टिकत नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तर त्याचं काय होईल सांगायलाच नको. किंडर जॉय २००१ मध्ये इटलीत आलं ते गरम हवेत चालावं म्हणून, चॉकलेट आधीच क्रीमसारखं, म्हणजे वितळलं तरी वाटीतच राहणार. माझी नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणते की तिकडे जुनं अंडं विकायलाच बंदी आहे, १९३८ चा कायदा आहे म्हणे, खाण्याच्या पोटात न खाण्याची वस्तू घालायची नाही, आणि किंडर जॉयमध्ये खेळणं वेगळ्या बाजूला सील केलेलं म्हणून ते तिथे चाललं, २०१७ च्या शेवटी दुकानात आलं. म्हणजे ऊन आणि कायदा ही मोठ्या माणसांची कारणं, पण त्यातून मुलांच्या हातात काय आलं तर एकसारख्या दोन छान खोलगट वाट्या, आतून गुळगुळीत, काठाला बारीक पट्टी असलेल्या. आणि आपल्याकडे मिळणारं हे अंडं बनतं कुठे, तर बारामतीला! एमआयडीसीत २०११ पासून कारखाना आहे, मोरगाव-बारामती करणाऱ्या आमच्या अर्ध्या नातेवाइकांना हे माहीत नव्हतं.

आता खेळ. पहिला खेळ आपोआपच सुरू झाला, भातुकली. सासूबाईंची पितळी भातुकली आहे, तवली, पातेली, बंब, जातं सगळं, पण ती कपाटात असते आणि सणावाराला निघते, रोज मातीत खेळायला ती कोण देणार. लेकीने अर्धुकं घेतली आणि त्यात पाणी, शेंगदाणे, फुलांच्या पाकळ्या घालून स्वयंपाक मांडला. अडचण एकच, अंड्याचा बुडखा गोल, त्यामुळे वाटी जमिनीवर डुगडुगते आणि आमटी सांडते. सांडली की रडारड. दोन दिवस हे बघितल्यावर सासूबाई काही न बोलता उठल्या, जुन्या नऊवारीची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि गोल गोल वळून करंगळीएवढ्या जाडीची चुंबळ केली, डोक्यावर हंडा ठेवायला करायचे तशीच, फक्त बांगडीपेक्षा लहान. वाटी तिच्यावर ठेवली, हलली नाही. मग सहा चुंबळी झाल्या. आमच्या लेकीला चुंबळ हा शब्द किंडर जॉयमुळे कळला, हे मी आयुष्यभर सांगणार आहे.

दुसरा खेळ बादलीतला. अर्धुक पाण्यावर तरंगतं पण गोल असल्यामुळे कलंडतं आणि पाणी आत घेतं. भाचा आला होता सुट्टीत, नऊ वर्षांचा, त्याने बरोबर मध्यात एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि होडी सरळ उभी राहिली. नाणं काठाकडे सरकवलं की तिरकी, मध्ये आणलं की सरळ. दोघं तासभर तेच करत होती, नाण्याच्या जागी खडा, खड्याच्या जागी सुपारी, शेवटी चिकटमातीचा गोळा बुडाला चिकटवला, तो सगळ्यात भारी चालला कारण सरकत नाही. मी तिथेच बसून भाजी निवडत होते, एक शब्द शिकवायला लागला नाही.

गणपतीत तर कमालच झाली. शाडूची माती आणली होती, मूर्ती छोटी छोटी करतोच घरी, उंदीर मात्र दरवेळी फसतो, एकतर पाल दिसते नाहीतर बटाटा. या वर्षी लेकीने अर्धुकात माती ठासली, बोटाने काठाशी सारखी केली आणि उलटं करून आपटलं, तर बाहेर आली ती हुबेहूब उंदराची पाठ! पुढे निमुळती, मागे गोल. कान दोन लावले, सुतळीची शेपटी, मिरीचे डोळे, झाला उंदीर. एक टीप, आतून आधी कोरड्या शाडूची पावडर भुरभुरवायची, नाहीतर ओली माती चिकटून बसते आणि काढताना नाक तुटतं. आम्ही पाच उंदीर केले, मोदकाच्या ताटाभोवती ठेवले. नणंदेला फोटो पाठवला तर तिच्या मुलाने तिकडे त्याच अंड्यात कणकेचा उंदीर केला आणि व्हिडिओ कॉलवर दाखवला.

आणि दिवाळीचा किल्ला. ज्यांच्याकडे किल्ला करतात त्यांना माहितीये की तळं करणं सगळ्यात कटकटीचं, माती पाणी पिऊन टाकते, मग आपण आरशाचा तुकडा ठेवतो किंवा प्लास्टिकची पिशवी पुरतो. अर्धुक काठापर्यंत मातीत बसवलं की पाण्याचं टाकं तयार, पाणी चार दिवस तसंच, कडेने हळीव पेरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवंगार होतं आणि प्लास्टिकचा काठ दिसतही नाही. उलटं ठेवलं तर देवळाचा घुमट. रंगवायचं असेल तर पोस्टर कलर सरळ लावू नका, वाळला की पापुद्रे निघतात, आधी पॉलिश पेपरने घासून खडबडीत करा आणि मग अ‍ॅक्रिलिक लावा, टिकतो. फेविकॉलने दोन अर्धुकं चिकटत नाहीत, त्याला चिकटपट्टीच. आत मूठभर तूरडाळ घालून चिकटपट्टी गुंडाळली तर खुळखुळा होतो, राजमा घातला तर आवाज जाड येतो, मुलांना दोन्ही करून द्या, ती स्वतः फरक सांगतात.

आता काळजीच्या गोष्टी, कारण त्या सांगितल्या नाहीत तर रिव्ह्यू अर्धवट. आतलं खेळणं तीन वर्षांखालच्या बाळांसाठी नाही, बारीक भाग असतात, हे पाकिटावरही असतं आणि ते मनावर घ्या. खुळखुळासुद्धा बाळाच्या हातात देऊ नका, पट्टी सुटली तर डाळ तोंडात. सीलचा पातळ कागद लगेच फेका. अर्धुक साबणाच्या कोमट पाण्याने नीट धुवा, काठाच्या खोबणीत क्रीम राहतं आणि रात्रीत मुंग्या लागतात. आणि गरम खाऊ त्यात वाढू नका, ती भातुकलीची वाटी आहे, जेवणाची नाही.

एक वाईट अनुभव पण सांगते, तो या अंड्याचा नाही. जत्रेत एका स्टॉलवर असंच दिसणारं स्वस्तातलं अंडं मिळत होतं, नाव गाव काही नाही, घेतलं. त्याचं प्लास्टिक इतकं पातळ की भाच्याने दाबल्यावर तडकलं आणि कडेने त्याचं बोट कापलं. फार नाही, पण रक्त आलं आणि मी घाबरले. तेव्हापासून मी अर्धुक मुलांच्या हातात द्यायच्या आधी स्वतः दाबून बघते आणि काठावरून बोट फिरवते. खेळणं म्हणून जे काही वेगळं विकत घेता त्यावर आयएसआयची खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

जाता जाता टिकटॅकची डबी. ती पण याच कंपनीची, १९६९ पासूनची, आणि नावच मुळी डबी उघडता-मिटताना येणाऱ्या आवाजावरून आलंय. आमच्याकडे वेलचीची असते. रिकाम्या डबीत रांगोळीचे मणी, टिकल्या, सुया छान राहतात, तिरकी करून हळू हलवलं की मणी एकेक येतात. पण खेळ म्हणाल तर ती डबी डबीच राहते, तिचं मुलं दुसरं काही करत नाहीत. अंड्याचं तसं नाही, ते वाटी पण होतं, होडी पण, उंदीर पण, टाकं पण, कारण त्याला स्वतःचा असा काही चेहराच नाही. आत निघणारी गाडी ही गाडीच असते. हल्ली आतल्या कागदावर कोड असतो, तो मोबाइलवर स्कॅन करून खेळता येतं, आम्ही तो कागद सरळ बाजूला ठेवतो.

मार्क द्यायचे तर चॉकलेटला पाचपैकी अडीच, आतल्या खेळण्याला तीन, रिकाम्या अंड्याला पूर्ण पाच. महाग आहे, एका अंड्याच्या पैशात घरच्या सगळ्यांना केळी येतात, म्हणून आमच्याकडे महिन्याला एकच, पहिल्या रविवारी, आणि शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवलंय की तुमची अर्धुकं फेकू नका, आम्हाला द्या. काल वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चार आणून दिली, धुऊन, पुसून. लेकीने लगेच आजीकडे जाऊन सांगितलं, आजी, अजून चार चुंबळी लागतील.