डिस्क आत गेली आणि साडेचौदा हजारही

आधी आकडा सांगून टाकतो, कारण घरी, ऑफिसात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो मी प्रत्येक वेळी कमी करून सांगितलाय. एकूण गेले १८,५९५ रुपये. त्यातले १४,५०० मला बिघडलेलं जुनं गेमचं मशीन विकणाऱ्या पोराच्या घशात, १८५ आणि २१० जाण्यायेण्याच्या रिक्षाला, ५०० मशीन उघडून बघायचे आणि ३,२०० दुसऱ्या मूर्खपणाचे, तो पुढे येईलच.

आणि गेम खेळायला घेतलं नव्हतं. चौकीतल्या हवालदारापासून बायकोच्या मावशीपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं म्हणून सांगतो. आमच्याकडे डिस्क आहेत. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, धाकट्या भावाच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी आणि माझ्या ४३ ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्राच्या डिस्क), त्यातल्या तीन ४के, म्हणजे त्याहूनही बारीक चित्राच्या. जुना प्लेअर गणपतीत बंद पडला. नवा ब्लू-रे प्लेअर मागायला गेलो तर दुकानदाराने असं बघितलं, जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागतोय. त्याचाही दोष नाही. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवी मॉडेलं आणणं बंद केलं. मग उरतो गेमचा खोका. २००६ साली प्लेस्टेशन ३ हे गेमचं मशीन आलं तेव्हा तिकडे कितीतरी लोकांनी ते ब्लू-रे प्लेअर म्हणूनच घेतलं होतं, कारण सुटे प्लेअर त्याहून महाग होते. तेव्हा कल्पना चुकीची नव्हती. अजूनही नाही.

जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. 'पीएस४ प्रो, सिंगल हॅंड वापर, ४के ब्लू-रे चालतं, शिफ्टिंगमुळे अर्जंट.' पीएस४ म्हणजे प्लेस्टेशन ४. किंमत १७,५००. या ओळीतच एक खोटं होतं आणि ते मला घरबसल्या पकडता आलं असतं. पीएस४ प्रोच्या खोक्यावर ४के लिहिलेलं असतं ते खरं, पण ते गेमच्या आणि ऑनलाइन सिनेमाच्या चित्रासाठी. त्याचा ड्राइव्ह, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, ४के डिस्क वाचतच नाही, कधीच वाचत नव्हता. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, आलेला दुसऱ्या कंपनीचा गेमचा खोका, एक्सबॉक्स वन एस, वाचतो. मला हे माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं का? हो, असायला हवं होतं. पण खोक्यावर एवढं ठळक ४के छापल्यावर सामान्य माणूस काय समजणार?

पुढचं तुम्हाला पाठ असेल. मुलगा गोड बोलतो, काका काका करतो, बंगलोरला नोकरी लागलीय, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, टोकन द्या म्हणजे थांबवतो. दिले २,००० यूपीआयने. नाव एका बाईचं आलं. 'मिसेसचं अकाउंट आहे काका.' बरं. घासाघीस करून १४,५०० ला ठरलं. ते मी कमी करून घेतले याचा मला रिक्षात अभिमान वाटत होता, हे लिहिताना कान गरम होतायत.

रविवारी सकाळी वाकडला गेलो. नाना बरोबर आले. त्यांना नको म्हटलं होतं, पण त्यांना मशीन बघायचं होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला टेकवलेली गादी, दोन बॅगा, टीव्ही आणि टीव्हीखाली तो तीन मजली सँडविचसारखा काळा खोका. मुलाने पाणी दिलं. नानांना खुर्ची दिली. एका इंग्रजी मारधाडपटाची ब्लू-रे कव्हरमधून आमच्यासमोर काढली आणि फटीत सरकवली. मशीनने ती गिळली, आतून घर्र आवाज आला. टीव्हीवर तेव्हा सेट टॉप बॉक्सचं बातम्यांचं चॅनल चालू होतं. 'थांबा हं, एचडीएमआय लावतो,' म्हणून तो रिमोट शोधायला लागला. गादीखाली बघितलं, बॅगेत बघितलं. दहा-पंधरा सेकंद गेले असतील. मग इनपुट बदललं, कंट्रोलरचं एक बटण दाबलं आणि सिनेमा सुरू. चित्र झकास. गाड्या उडतायत, काचा फुटतायत.

नाना म्हणाले, "अरे, सुरुवातीचं ते धमकीचं पान नाही आलं?"

धमकीचं पान म्हणजे ते, विकत घेतलेल्या प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला येणारं, नक्कल केलीत तर तुरुंग वगैरे. ते पुढे ढकलता येत नाही. नाना वीस वर्षं त्याच्यावर चिडतायत. मी चिडतोय. त्या पानाशिवाय, मेनूशिवाय, भाषा विचारल्याशिवाय एकही ब्लू-रे मी आयुष्यात सुरू झालेली पाहिली नव्हती. शिवाय सिनेमा पहिल्यापासून नव्हता, मारामारी मधूनच सुरू झाली. कोपऱ्यात कुठल्यातरी साइटचं नाव क्षणभर उमटून गेलं, तेही मी पाहिलं. सगळं पाहिलं!

आणि मुलगा काही बोलायच्या आत मीच नानांना म्हणालो, "नाना, हे गेमचं मशीन आहे. ते असलं सगळं गाळतं."

कोणी विचारलं होतं मला? तो पोरगा तोंड उघडून उभा होता, थाप शोधत असणार. ती मी त्याला आयती दिली. तो नुसता हसला आणि म्हणाला, "काकांना माहितीये." नाना गप्प बसले, कारण मशीनमधलं मला कळतं अशी घरात समजूत आहे.

१२,५०० रोख मोजून दिले. मशीन बंद करून त्याने डिस्क काढली, आमच्या हातात खोका दिला. मागच्या बाजूने काहीतरी छोटं काढून खिशात टाकलं. केबलचं टोपण असेल म्हटलं.

तो पेनड्राइव्ह होता. पीएस४ प्रोला पुढे दोन यूएसबी आणि मागे एक असतं. मीडिया प्लेअर नावाचं ॲप टाकलं की पेनड्राइव्हवरचे सिनेमे त्यावर उत्तम दिसतात. त्याने आधीच लावून मध्ये थांबवून ठेवला होता. डिस्क आत गेल्यावर मशीन 'ही डिस्क ओळखता येत नाही' असं सांगतं, ते आम्हाला दिसू नये म्हणून ते बातम्यांचं चॅनल आणि ती रिमोटची शोधाशोध. नाटक चोख बसवलेलं होतं. तालमी केल्या असतील.

घरी सोमवारी रात्री लावलं. पहिली ब्लू-रे: डिस्क ओळखता येत नाही. चष्म्याच्या कापडाने पुसली. दुसरी. तिसरी. लग्नाची डीव्हीडी. काहीच नाही. माझी बुद्धी अजूनही त्याच्याच बाजूने! मी कुठेतरी वाचलं होतं की पीएस४ वर डिस्कचा सिनेमा पहिल्यांदा लावताना एकदा इंटरनेट जोडावं लागतं. तेच असेल म्हणून वायफाय जोडत बसलो. फोन केला तर 'काका, अपडेट मारा.' रात्रभर अपडेट. मंगळवारी 'काका, लेन्स क्लीनर वापरा.' बुधवारी फोन बंद. गुरुवारी वाकडला गेलो तर फ्लॅटला कुलूप, आणि वॉचमन म्हणाला की पोरं पंधरा दिवसांसाठी होती.

इथे तरी थांबायचं. नाही थांबलो. बुधवार पेठेत एका गाळ्यात मशीन उघडायचे ५०० दिले. त्याने सांगितलं, ड्राइव्ह खराब, दुसरा टाकू, ३,२००. टाकला. तोही वाचेना. मग म्हणतो, 'असं होतं कधीकधी.'  पहिल्या पीएस४ मॉडेलांत ड्राइव्हचं सर्किटचं बोर्ड मशीनच्या मुख्य बोर्डाशी कारखान्यातच जोडीने बांधलेलं असतं. त्यांत दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह उचलून बसवला तर डिस्क आत जाते, बाहेर येते, फिरते, पण मशीन ती ओळखत नाही. दुरुस्ती करायची तर मूळ बोर्ड नव्या ड्राइव्हवर चढवावं लागतं. माझ्या प्रोमध्ये नेमकं काय मेलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण तो पोरगा, किंवा त्याच्या आधीचा कोणी, ते आधीच उघडून बसला होता.  मागच्या स्क्रूवरचं सील फाटलेलं होतं, ते मी वाकडलाच बघितलं होतं आणि 'जुनं आहे, चालायचंच' असं मनात म्हटलं होतं. सील फाटलेलं दिसलं की उठा. चहा येत असला तरी उठा.

आता चौकी. हवालदाराने ऐकून घेतलं, मग विचारलं, "गेम खेळायचं वय आहे का साहेब?" मी म्हटलं, सिनेमा बघायला घेतलंय. "मग मोबाइलवर बघा की." बाकावर बसलेला एक जण हसला. मग हद्द निघाली. सौदा वाकडला झाला ना? तिकडे जा. तिकडे गेलो. तिकडचे म्हणाले, पैसे तुमच्या घरून पाठवले ना? मग तिकडचीच हद्द. नदीच्या अलीकडे एक आयुक्तालय, पलीकडे दुसरं, आणि मध्ये पुलावर मी, खोका घेऊन. झिरो एफआयआर म्हणून गोष्ट आहे, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, नव्या कायद्यात तर ती लिहूनच ठेवलीय, असं मी म्हटलं. त्यावर उत्तर आलं, "तुम्ही वकील आहात का?" तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला आणि पोच दिली. 'दिवाणी स्वरूपाचा व्यवहार दिसतो' असं तोंडी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून चारसोवीसचं कलम ३१८ झालंय, एवढं मला या प्रकरणात शिकायला मिळालं. आकडा बदलला, बाकीचं तिथेच आहे.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात. ॲपवाल्यांच्या चॅटवर एक यंत्र माझ्याशी सतरा मिनिटं अत्यंत अदबीने बोललं आणि शेवटी म्हणालं की खरेदीदाराने वस्तू तपासून घ्यावी. अहो, तपासलीच की! जाहिरात मात्र लगेच काढली, म्हणजे माझ्याकडचा पुरावाही गेला. म्हणून जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट पैसे देण्याच्या आधी काढा, नंतर नाही. ओळखीचे एक वकील म्हणाले, खासगी माणसाने स्वतःची जुनी वस्तू विकली तर ग्राहक आयोगात टिकणं कठीण. आणि रोखीच्या १२,५०० ला पावती? कसली पावती. यूपीआयने गेलं असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. मी लाजेने नऊ दिवस घालवले.

लाजेचं सांगतो. ऑफिसात एका तिशीतल्या मुलाने मला विचारलं, "सर, तुम्ही तुमची स्वतःची डिस्क नाही नेली?" ४३ ब्लू-रे घरात आहेत आणि मी रिकाम्या हाताने गेलो. बुकिंगला जाताना माणूस टेस्ट राइड मागतो, टरबूज घेताना वाजवून बघतो. स्वतःची डिस्क न्या. एक नाही, दोन: एक ब्लू-रे आणि एक डीव्हीडी, कारण दोन्हींचे लेसर वेगळे. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळट, डीव्हीडीचा ६५० चा लाल. एक मेलेला असून दुसरा जिवंत असू शकतो. डिस्क तुमच्या हाताने घाला. त्याआधी सगळे पेनड्राइव्ह उपटून काढा, मागचासुद्धा, बोटाने चाचपून. डिस्क आत जाताना टीव्हीवर मशीनचंच चित्र असलं पाहिजे. मेनू येईपर्यंत पैशाच्या पाकिटाला हात लावू नका.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची फटच नाही, पहिल्या पीएस५ डिजिटललाही नाही, 'बाहेरून लावता येईल काका' म्हणणाऱ्याला विचारा कुठून. पीएस५ च्या नव्या सडपातळ मॉडेलला ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण तो पहिल्यांदा इंटरनेटवरून मशीनशी जुळवावा लागतो. एक्सबॉक्सवर ब्लू-रेचं ॲप फुकट असतं पण उतरवून घ्यावं लागतं. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत: अमेरिकेतल्या भाचीने पाठवलेली ब्लू-रे ए विभागाची असली तर आपल्याकडच्या सी विभागाच्या मशीनवर चालणार नाही, तिथे कोणी फसवलेलं नसतं.

आणि व्हीसीडी? पीएस४ व्हीसीडी वाचतच नाही, ऑडिओ सीडीसुद्धा नाही. म्हणजे ड्राइव्ह धडधाकट असता तरी नानांची निम्मी नाटकं त्यावर लागली नसती. ज्या माणसासाठी म्हणून घेतलं त्याच्याच कामाचं नव्हतं, हे मला ३,२०० भरल्यावर कळलं. नानांना हे मी अजून नीट सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं की नुसतं मशीन बिघडलं.

गेल्या बुधवारी नाना एकटेच जुन्या बाजारात गेले, पिशवीत एक व्हीसीडी आणि एक डीव्हीडी घेऊन. ६५० रुपयांना एक धूळ खाल्लेला डीव्हीडी प्लेअर आणला. चहावाल्याकडून वायर ओढायला लावून विक्रेत्याच्या छोट्या टीव्हीवर दोन्ही डिस्क लावून बघितल्या म्हणे. डीव्हीडीवर ते पान आलं तेव्हा विक्रेता पुढे ढकलायला गेला, तर नानांनी त्याचा हात धरला आणि चष्मा कपाळावर चढवून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.