बिलावर ‘क्रिस्टल’, हातात काच

पंचवीस वर्षं ठाण्याच्या नौपाड्यात अकरावी-बारावीची केमिस्ट्री शिकवते आहे. सिलिकेटचा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या खनिजांचा धडा आला की मुलांना शाडूच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या आणायला सांगते. मध्ये एक सिलिकॉन, चार टोकांना चार ऑक्सिजन, अशी चौफलकं करून ती एकमेकांना जोडायची. हे सगळं करूनसुद्धा गेल्या श्रावणात मी स्फटिक म्हणून काच विकत घेतली. साडेनऊ हजारांची! हे लिहिताना लाज वाटते. पण माझ्यासारखी बाई फसते तर कुणीही फसेल, म्हणून लिहिते आहे.

गोखले रोडच्या जवळ एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं होतं. साड्या, उकडीच्या मोदकाचे साचे, नाचणीचे पापड आणि एका कोपऱ्यात ‘हिमालयातील शुद्ध स्फटिक’. सासूबाईंना पिंडी हवी होती, मला माळ. विकणारा पस्तिशीचा, गोड बोलणारा. पिंडी साडेचार हजार, एकशे आठ मण्यांची माळ बत्तीसशे. शिवाय लिंबाएवढा एक गोळा होता, तो “तुमच्यासाठी म्हणून” अठराशेला दिला.

त्याने परीक्षा करून दाखवल्या, हेच खरं सांगायचं आहे. एका हातात प्लॅस्टिकची माळ दिली, दुसऱ्या हातात त्याची. त्याची गार लागली. मग मण्याला दोरा घट्ट गुंडाळून खाली काडी पेटवली, दोरा जळला नाही. “बघा ताई, प्लॅस्टिक असतं तर?” मीही मान डोलावली. आता घरी बसून विचार केल्यावर कळतं, की त्याने प्रत्येक वेळी प्लॅस्टिकशीच तुलना केली. काच तिथे टेबलावर नव्हतीच. गार काचही लागते. घट्ट बांधलेला दोरा काचेच्या मण्यावरही जळत नाही, कारण उष्णता मणी ओढून घेतो. क्वार्ट्झ, म्हणजे खरा स्फटिक, काचेपेक्षा कितीतरी पट चांगली उष्णता वाहून नेतो हे खरं, पण तो फरक कळायला दुसऱ्या हातात काचेचा मणी हवा, प्लॅस्टिकचा नव्हे.

तरी मी संशय घेतलाच असता. मला गप्प केलं ते कार्डाने. प्रत्येक वस्तूबरोबर लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र होतं. कठीणपणा ७, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) २.६५, अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.५४४ ते १.५५३, घटक सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजेच सिलिका. सगळे आकडे बरोबर! इतके बरोबर की मला बरं वाटलं, चला, माणूस अभ्यासू आहे. मी कार्ड पुस्तकाशी ताडून पाहिलं. मणी कशाशीच ताडून पाहिला नाही.

पहिल्या सोमवारी अभिषेक झाला. दुसऱ्या सोमवारी ऐरोलीहून माझा भाचा आला. तो जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोळा उचलून त्याने वर्तमानपत्राच्या समासातल्या उभ्या रेषेवर ठेवला आणि हळूहळू फिरवायला लागला. पाच मिनिटं फिरवत होता. मी विचारलं, काय रे? म्हणाला, “मावशी, रेष एकच दिसते आहे.”

तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. क्वार्ट्झमध्ये प्रकाशकिरण दुभंगतो. गोळ्याखाली रेष किंवा केस ठेवला की बहुतेक दिशांनी एकाच्या दोन रेषा दिसतात. एका विशिष्ट दिशेने पाहिलं तर दोन दिसत नाहीत, म्हणून गोळा फिरवून पाहायचा. काचेत मात्र कशीही फिरवा, रेष एकच. का, ते मीच दरवर्षी शिकवते. क्वार्ट्झमध्ये प्रत्येक चौफलकाचे चारही कोपरे शेजाऱ्यांशी वाटून घेतलेले असतात, आणि ती चौफलकं मळसूत्रासारखी वळत, सगळीकडे एकाच शिस्तीत बसलेली असतात. काचेतही तीच चौफलकं आहेत, पण शिस्त नाही, गर्दीच्या लोकलमध्ये माणसं उभी असतात तशी. शिवाय साध्या काचेत सोडा आणि चुना घातलेला असतो. त्यांच्यामुळे चौफलकांमधले पूल तुटतात, म्हणून ती कमी तापमानाला वितळते आणि तिला साच्यात ओतून पिंडी करता येते. क्वार्ट्झची पिंडी ओतता येत नाही, कोरावी लागते. माझ्या पिंडीच्या तळाला साच्याची बारीक शिवण होती! दोन सोमवार दुधाने धुतली, पण शिवण दिसली नव्हती.

भाच्याने सॅकमधून जालन्याकडून आणलेला स्फटिकाचा सुळका काढला. सहा बाजूंचा, मुळाशी दुधी, टोकाकडे पाण्यासारखा. त्याच्या टोकाने गोळ्यावर एक ओरखडा काढला. वर पांढरी पूड आली. ती बोटाने पुसली तरी ओरखडा राहिला, नखाला लागतो आहे अजून. गोळ्याने सुळक्यावर घासलं तर नुसता डाग पडला, पुसल्यावर गेला. क्वार्ट्झचा कठीणपणा ७, काचेचा साडेपाचाच्या आसपास.

मग आम्ही स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. ही परीक्षा कुणालाही करता येईल म्हणून सविस्तर सांगते. गोळ्याचं वजन भरलं १६४ ग्रॅम. मग पाण्याने अर्धं भरलेलं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. गोळा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला किंवा बाजूला टेकू दिला नाही. काट्यावर ६६ आकडा आला. म्हणजे गोळ्याने ६६ घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारलं. १६४ भागिले ६६, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण २.४८. साध्या काचेचं उत्तर अडीचच्या जवळपास येतं. कार्डावरचं २.६५ खरं असतं तर काट्यावर ६२ दिसायला हवे होते. काटा एका ग्रॅमने चुकला तरी चार ग्रॅमचा फरक लपत नाही. (शिशाची जड काच असेल तर उत्तर उलट २.६५ च्या बरंच वर जातं, तेही लक्षात ठेवा.)

माळेचे मणी या काट्याला फार हलके. त्यासाठी लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन आणि भाच्याचा पोलराइज्ड गॉगल वापरला. गॉगल स्क्रीनसमोर फिरवत एका कोनात स्क्रीन काळा केला आणि मध्ये सुळका धरला. काळ्यात सुळका झगझगीत उजळला, कडेला रंग. किरण दुभंगणारा क्वार्ट्झ असाच उजळतो. तिथेच माळ धरली. काळीच राहिली, एखाद्या मण्यात पुसट उजेड, तो काच थंड होताना राहिलेल्या ताणाचा. भिंगातून एका मण्याच्या भोकाजवळ बुडबुडा दिसला, गोल, सोड्याच्या बाटलीतल्यासारखा. नैसर्गिक स्फटिकात पिसासारखे पडदे, भेगा दिसतात, असा वाटोळा बुडबुडा नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. घड्याळांसाठी, इलेक्ट्रॉनिक्ससाठी कारखान्यात वाढवलेला क्वार्ट्झ या सगळ्या परीक्षांत पास होईल, कारण तो खराच क्वार्ट्झ असतो. तो नैसर्गिक की कृत्रिम हे घरी ठरत नाही, प्रयोगशाळेतच ठरतं. आपल्याला इथे फक्त काच पकडायची आहे.

विकणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर ऐकून मी क्षणभर निरुत्तर झाले. “मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या आहात. काच पण सिलिकाच ना?” अर्धसत्य कसं असतं बघा. साध्या काचेत वजनाने सुमारे ७० टक्के सिलिका असतेच. पण त्या न्यायाने इस्त्रीतला अभ्रक आणि टाल्कम पावडरमधलं टाल्कही सिलिकेटच, पारसिकच्या डोंगराच्या काळ्या दगडातला पायरॉक्सिनसुद्धा. कोपरे कसे जोडलेत त्यावर सगळा खेळ आहे. नुसत्या साखळ्या झाल्या की पायरॉक्सिन, सपाट थर झाले की नखाने सुटणारा अभ्रक, चारही बाजूंनी जाळं झालं की क्वार्ट्झ. मी त्याला हे सांगायला लागले तोवर त्याने फोन ठेवला. मग नंबर ब्लॉक.

बिल काढून पाहिलं तर त्यावर ‘क्रिस्टल माळ’, ‘क्रिस्टल पिंडी’. बाजारात चकचकीत काचेलाही क्रिस्टलच म्हणतात. तोंडी स्फटिक, कागदावर क्रिस्टल. घेताना बिलावर ‘नैसर्गिक क्वार्ट्झ’ असं लिहून मागा. नुसतं तेवढं मागितल्यावर समोरच्याचा चेहरा पाहिला तरी बरंच कळतं. माझ्याकडे कार्ड होतं आणि त्यावर क्वार्ट्झचे आकडे, तेवढाच आधार. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तो रस्ताही उघडा आहे. बिलावरच्या पत्त्यावर भाचा जाऊन आला, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे.

सासूबाईंना सांगायला धीर होत नव्हता. सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग आता काय, देवाला परत करायचं?” पिंडी देव्हाऱ्यात आहे. गोळा क्लासमध्ये नेते, सुळक्याशेजारी ठेवते.

नवरात्रात त्याच हॉलमध्ये पुन्हा प्रदर्शन लागलं. माणूस दुसरा, कार्डं तशीच लॅमिनेट केलेली. मी पिशवीतून काटा, पाण्याची बाटली आणि दोरा काढून टेबलावर ठेवला. तो काट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, आम्ही वजनावर देत नाही, नगावर देतो.”