वाड्याच्या वाटणीसाठी वकील: आमचा अनुभव

पुण्यात कसब्यातला आजोबांचा वाडा, तीन काका, दोन आत्या आणि सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या या वकीलबाईंनी लगेच दावा ठोका असं न म्हणता आधी प्रॉपर्टी कार्ड (शहरातल्या मिळकतीचा सरकारी उतारा) मागितलं, वारसनोंदी तपासल्या आणि मग सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं, तेच अर्धं काम होतं खरंतर. सरळ सांगितलं की वाड्याचे नीट तुकडे पडत नसतील तर १८९३ च्या पार्टिशन (म्हणजे वाटणी) अ‍ॅक्टखाली निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेले मिळून कोर्टाकडे विक्री मागू शकतात, पण मग बाकीचे हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीत विक्री मागणाऱ्यांचाच हिस्सा विकत मागू शकतात. हे ऐकून धाकटे काका एकदम मऊ पडले 😄 आत्यांनी फुकटात हक्कसोडपत्र द्यावं हा हट्टही बाईंनीच मोडला, आणि पैसे घेऊन हक्क सोडला तर स्टॅम्प ड्युटी खरेदीखतासारखी लागते हेही आधीच कानावर घातलं. बोलणं जरा फटकळ, फीसुद्धा दणदणीत, ऑफिसात बसायला दोनच खुर्च्या. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरा. चार स्टार.