चारची एक चळत : तीनशे चिप्सची पेटी, चार महिने वापरून

दर शनिवारी रात्री आमच्या कर्वेनगरच्या घरी आम्ही सहा जण पत्ते खेळायला बसतो. आधी रमी असायची, गेली दोन वर्षं लिमिट होल्डेम, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या बोलींचा पोकर चालतो. पैसे लावत नाही, वहीत हिशेब ठेवतो. माझा भाचा फोनवर पैसे लावून खेळायचा. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्या खेळांवर बंदीचा कायदा आला, त्याचं ॲप बंद झालं आणि तोही आमच्यात येऊन बसला. तोवर आम्ही चिंचोके वापरत होतो. चिंचोक्यांचा ढीग मोजता येत नाही, आणि या खेळात मधला ढीग मोजता आला नाही तर कॉल करायचा, म्हणजे समोरच्याइतकंच लावायचं, की पानं टाकायची (फोल्ड) हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी मोजायच्या चकत्यांची ही पेटी घेतली.

बोहरी आळीजवळच्या एका खेळण्यांच्या दुकानातून आणली, २,४०० रुपयांना. ॲल्युमिनियमची पेटी, चार रंगांच्या तीनशे चिप्स, दोन कॅट, एक डीलर बटण (वाटणारा कोण ते दाखवणारी चकती). दुकानदार पाचशे, हजार असे आकडे छापलेल्या चिप्स पुढे करत होता. मी बिनआकड्याच्या मागितल्या आणि लिमिट खेळणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन. या खेळात बोलीची रक्कम ठरलेली असते. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची पाच उघडी: आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे फ्लॉपच्या आधी आणि फ्लॉपवर लहान बोली, टर्न आणि रिव्हरला तिच्या दुप्पट. आमच्याकडे रंग कोणताही असो, एक चिप म्हणजे एक. पानं बघण्याआधी दोघांनी लावायच्याच अशा बोली म्हणजे ब्लाइंड, छोटा ब्लाइंड एक, मोठा दोन, लहान बोली दोन, मोठी बोली चार.

मी एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होते. नाण्यांच्या चळती लावायची बोटांना सवय आहे, म्हणून घरात नियमच केला: फेरी संपली की वाटणाऱ्याने पॉटमधल्या, म्हणजे मधल्या ढिगातल्या चिप्सच्या चार-चारच्या चळती लावायच्या. एक चळत म्हणजे एक मोठी बोली. टर्नला समोरच्याने बोली लावली की मधल्या चळती मोजायच्या. कॉलला माझी एक चळत जाणार, समोर किती आहेत? गुणाकार-भागाकार काही नाही, डोळ्यांना दिसतं.

परवाचाच डाव सांगते. बटण माझ्यापुढे, हातात इस्पिक एक्का आणि इस्पिक नव्वी. वरच्या मजल्यावरच्या काकांनी रेझ केलं, म्हणजे बोली वाढवून दोनाच्या चार केल्या, समोरच्या वहिनींनी कॉल केला, मी केला, मोठ्या ब्लाइंडवरच्या भाच्यानेही केला. चौघांच्या सोळा आणि सोडून दिलेला छोटा ब्लाइंड एक, सतरा चिप्स. फ्लॉपवर इस्पिक राजा, इस्पिक पंजी, चौकट दुर्री. काकांच्या दोन, वहिनींच्या दोन, माझ्या दोन, भाच्याने पानं टाकली. तेवीस. टर्नला किल्वर सत्ती आली, काकांनी चार लावल्या, वहिनी गेल्या. मध्ये सहा चळती आणि वर तीन सुट्या.

हातातली दोन आणि मधली दोन धरून माझी चार इस्पिकं झाली होती, पाचवं आलं की मोठा हात जुळणार. मला न दिसलेली पानं शेहेचाळीस, त्यांत इस्पिकं नऊ. म्हणजे सदतीस पानं माझ्या विरुद्ध आणि नऊ बाजूने, साधारण चारास एक. समोर पावणेसात चळती असताना एक टाकायला हरकत नाही, मी कॉल केला. याच जागी मला मधलं एकच पान हवं असतं, म्हणजे सरळ रांग जुळायला फक्त चार पानं उपयोगी असती, तर साडेदहास एक असा भाव होता आणि पावणेसात चळतींवर मी पानं खाली ठेवली असती.

रिव्हरला बदाम नव्वी. इस्पिक चुकलं, हातात नव्वीची जोडी. काकांनी पुन्हा चार लावल्या, मध्ये पस्तीस झाल्या. आमच्याकडचे बरेच जण इथे मधला राजा बघून, समोरच्याकडे राजाची जोडी असेल म्हणून घाबरतात. पण हिशेब असा की नऊ वेळा हरले तर छत्तीस चिप्स जातात आणि एकदा जिंकले तर पस्तीस येतात. म्हणजे दहांत एकदा जरी माझी जोडी पुढे असली तरी जवळपास बरोबरी, आणि काका दहांत एकापेक्षा नक्कीच जास्त वेळा पोकळ बोली लावतात. मी कॉल केला. काकांकडे इस्पिक राणी-गुलाम निघाले, जोडीसुद्धा नाही, डाव माझा. मला हवी होती त्यातली दोन इस्पिकं त्यांच्याच हातात होती! त्यांच्याकडे राजा निघाला असता तरी हा कॉल मी बरोबरच म्हटला असता.

एक सावधगिरी मात्र. माझ्यामागे अजून कोणी बोलायचं राहिलं असेल आणि तो रेझ करणारा असेल, तर कॉल एका चळतीवर थांबेलच असं नाही, दोन जाऊ शकतात. तेव्हा काठावरची पानं टाकावीत.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दोघांतला लिमिट होल्डेम संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवल्याचं जाहीर केलं, हे भाच्याकडून कळलं. आम्ही सहा जण खेळतो, आमच्यापुरता खेळ अजून शिल्लक आहे.

आता पेटीबद्दल. चिप्स उत्तम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा ठेवल्या, ११४ ग्रॅम भरल्या. हाताला वजन लागतं, चळत घसरत नाही. नऊ चिप्सच्या कडा मात्र फुगीर होत्या आणि त्यांची चळत डुगडुगायची. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिल्या. घेताना पेटी उघडून, चार-चार रचून बघाच.

कॅट वाईट. पुठ्ठ्याची पानं, महिन्याभरात चौकट एक्क्याचा कोपरा दुमडला. तो पाठीमागून ओळखू यायला लागला की कॉल-फोल्डचा सगळा विचारच वाया. मी प्लॅस्टिकचे दोन कॅट वेगळे आणले.

आणि तीनशे चिप्स सहा जणांना कमी पडतात. आमच्याकडे एका फेरीत एक बोली आणि तीन रेझ चालतात. चारही फेऱ्या तशा भरल्या तर एकाच्या ८, ८, १६ आणि १६, मिळून ४८ चिप्स एकाच डावात जातात. वाट्याला येतात ५०. चौघे खेळत असाल तर हीच पेटी घ्या, ७५ येतील. सहा जणांना पाचशेची. मी आणखी दोनशे सुट्या मागवल्यात, त्याही बिनआकड्याच्या.